सकाळचा पहिला ब्रेक

हात लावू नका म्हनलं ना! चटका बसला? घ्या, आता फुंकर मारत बसा. सायेब, घाट उतरून खोपोली गेली, खालापूर गेलं, चौक गेलं, तुमी लोधिवलीला माझ्या दारात आलात, तरी चाकातला ब्रेकचा ड्रम निवला नाय — म्हनजे घाटात तुमी ब्रेक दाबला नाय, छळलाय त्याला. गिअर कुठला टाकला व्हता? टॉप? वा! उतारावर टॉप गिअर, आनि पाय ब्रेकवर ठेवून खाली यायचं, आनि मंग धूर निघाला की गाडी वाईट. बसा त्या टायरवर. पँटीला काळं लागंल — लागू द्या, ग्यारेजात आलाय, लग्नाला नाय. आनि खाली ते बादल्या घेऊन उभे असतात त्यांच्याकडनं पानी नाय ना मारून घेतलं चाकावर? ट्रकवाल्यांची खोडच हाय ती. तापल्या ड्रमवर गार पानी — तडकतो मायला, आनि वर त्याला चार आने देतात, तडकवल्याबद्दल! काय? तुमी बोलावलं तर त्यानंच नको म्हनून सांगितलं? पानीवाल्यानं? अर्धा तास सावलीत उभी करा म्हनला? मंग तो पानीवाला नसंल, कोनतरी जानता मानूस हाय. असो. काय सांगत व्हता — त्यानं काय? थांबा, ते मागनं. आधी मला चाक खोलू द्या.

हां, तर परत सांगा, मला नीट ऐकू आलं नाय — का ऐकू आलं आनि खरं वाटलं नाय. रविवारी शर्यत. विमानाच्या जुन्या धावपट्टीवर. आनि सोमवार ते शनिवार हीच फियाट घेऊन फोर्टात हापिसात. आनि ब्रेक दोन्हीला पायजे, एकच. धन्य! हे फोटो कशाला दाखवताय — विलायती मासिक हाय, माहीत हाय मला, माझ्याकडंबी आनतात लोक. डिस्क ब्रेक. बशीवानी चकती आनि तिला दोन्हीकडनं चिमटा. छान हाय ओ, वाईट कोन म्हनतो? पन हितं कुठं मिळनार ती? आनि आनली बोटीनं, तर ह्या फियाटच्या हबाला बसवनार कोन — मासिकवाला येनार हाय? आनि दुसरं हे पान — ड्रमच्या मागच्या पत्र्याला भोकं पाडा, वारा आत जाईल, ब्रेक गार राहील. पाडतो की! पाच मिंटाचं काम हाय. शर्यतीत वारा जाईल, आनि आषाढात पनवेलच्या पुढं गुडघाभर पान्यातनं गेलात की त्याच भोकांतनं पानी जाईल, मंग दाबा ब्रेक, दाबा, गाडी चालली आपली सरळ पुढच्या यश्टीच्या बुडाखाली. भोकाला कळतं व्हय आज रविवार हाय म्हनून?

मधी बोलू नका, ऐका. मुद्दा हाय लायनरचा, ड्रमला आतनं घासून चाक धरतो त्या पट्ट्याचा. हा बघा — हा मऊ. रोजचा. सकाळी गार गाडी काढली, पाय ठेवला, धरला. पन शर्यतीत धा वेळा जोरात दाबला की तापतो, तापला की मरतो, पेडल फळीपर्यंत जातं आनि गाडी ऐकत नाय. आनि हा कडक. ह्याचं उलटं. ह्याला तापवावा लागतो. तापला की असा धरतो की डोकं काचेवर आपटंल. पन गार असताना? गार असताना नुसता घासतो, धरत नाय. दोन-तीनदा दाबून तापला की मंग ताळ्यावर येतो. आता तुमी म्हनता दोघांच्या मधला काढा. मधला म्हनजे काय ओ? सकाळी अर्धा मरायचा आनि दुपारी अर्धा मरायचा! तुमच्यासारख्या हौशी लोकांना मी हजारदा सांगितलंय. कुनाला पटत नाय. पैसा हाय, गाडी हाय, अंगात रग हाय — मंग कारागिराचं कोन ऐकतो?

नाय, येत नाय असं नाय. म्हनाल म्हाताऱ्याला येत नाय म्हनून नाक मुरडतोय. यश्टीच्या डेपोत बारा वर्षं ब्रेकवरच काढलीत मी. ह्या रस्त्यावर कडक लायनर पयला कोनी बसवला, विचारा चौकात. ह्या हातांनी. एक शेठ व्हता, नाव कशाला घेऊ, मेला तो आता — तुमच्यासारखाच, रविवारी स्वतः पळवायचा, आनि हप्ताभर त्याला फिरवायला ड्रायव्हर ठेवलेला, आपला भिसेगावचा चंदर. शेठचा हितं वर बंगला व्हता. मी ट्रकचा लायनर आनला, कापला, घासला, रिबीट मारून बसवला — कुनाच्या बापाला सुचलं नसतं! शर्यतीत दुसरा आला शेठ. पेढे आनले ग्यारेजात. माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. हा काय, वर लावलाय. ग्रीस लागलंय त्याला, नाय दिसनार नीट.

चंदर? चंदर काय, बरा व्हता. सरळ मानूस. दारू नाय, बिडी नाय. पन भित्रा. तीनदा आला माझ्याकडं. म्हनला, धर्मादादा, सकाळी पयल्यांदा पाय ठेवला की गाडी थांबतच नाय, दुसऱ्या-तिसऱ्याला धरती. मी काय म्हनलं? मी म्हनलं, चंदर, तुझ्या पायात जोर नाय रं, भाकर खात जा. सगळे हसले. मंग मी काय केलं, गाडी घेतली, चौकापर्यंत दोन फेऱ्या मारून आनली, म्हनलं बस बाजूला, बघ आता. दाबला — जाग्यावर उभी! त्याचं डोकं काचेला टेकलं. परत हसले सगळे. आमची पद्धतच हाय ती, सायेब. गिऱ्हाइकाला गाडी दाखवायच्या आधी जरा फिरवून आनायची. गार इंजिन खोकतं, गार गिअर कुरकुरतं, गिऱ्हाईक उगाच शंका काढतं. माझ्या उस्तादानं मला शिकवलं, मी दुसऱ्यांना शिकवलं. त्यात लबाडी नाय. धंद्याची रीत हाय.

काय झालं मंग, काय झालं! काय व्हायचंय? पौषातली सकाळ, हुडहुडी भरलेली. शेठला पनवेलला न्यायला चंदरनं बंगल्यावरनं गाडी काढली. बंगल्यावरनं हमरस्ता पाव मैल, मधी कुठं ब्रेक लावायचं काम नाय. वळनावर धोंडूबाई आली पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन — तिला भाऱ्याखालनं काय दिसतंय? चंदरनं दाबला. पयला पाय. गाडी काय... चंदरची चूक! बघून चालवायला नको? चाळीसच्या वर नव्हती म्हनतात, पन तीस ठेवायची! त्यालाबी लागली काच, ह्या भुवईवर, हाडापर्यंत. धोंडूबाई जाग्यावर गेली. रोज जाताना ह्या माठातलं पानी प्यायची ती. माझ्या नावानं हाक मारून, धर्म्या, माठ भर रं, रिकामा ठेवतोस मेल्या. तेवढी एक बाई मला धर्म्या म्हनायची, पन्नाशीला आलो तरी.

तुमी असं बघू नका माझ्याकडं. गाडी तपासली की! सरकारी तपासनीस आला, रीतसर. गाडी माझ्याच ग्यारेजात आनून ठेवलेली — पुढचा पत्रा चेपलेला, पन चालू व्हती. तपासनीस म्हनला, मेस्त्री, ब्रेक दाखवा. दाखवला. तीनदा दाबला, तीनदा जाग्यावर उभी. त्यानं लिहिलं, ब्रेक उत्तम. मी काय खोटं बोललो? उत्तमच व्हता! तुमी दाबला असता तरी तुमीबी... काय? त्याच्या आधी? आधी काय? ... फिरवली व्हती, हां. फिरवली व्हती चौकापर्यंत. चार फेऱ्या. सांगितलं ना रीत हाय आमची, हाताला सवय हाय, सायेब येनार म्हनल्यावर गाडी फिरवून ठेवायची, डोक्यात काय ठरवून नाय केलं — का केलं? मला सांगा, का करीन मी? चंदर माझा वैरी व्हता? विहारात एका सतरंजीवर बसायचो आमी. पन ब्रेक तापायला दोन फेऱ्या पुरतात, ह्ये मलाबी ठाऊक हाय. चार मारल्या.

त्याची आई आली व्हती, पुतळाबाई. भिसेगावातनं यश्टीनं, उन्हातान्हाची. तुमी बसलाय ना, तिथंच. बसा म्हनलं तर बसली नाय. जय भीम केला आनि उभीच राह्यली. म्हनली, धर्माजी, कोर्टात एवढंच बोल, गार असताना ब्रेक लागत नव्हता, माझ्या पोरानं तीनदा सांगितलं व्हतं. एवढंच. मी काय म्हनावं? मी म्हनलं, बाई, मी माझ्या कामाला माझ्या तोंडानं नावं ठेवू? उद्या कोन येईल माझ्या दारात? तिनं माठाकडं बघितलं, पानी घेतलं नाय, गेली. चंदरला दीड वर्षाची सजा झाली. लायसन गेलं. सुटून आल्यावर कुठं गेला मला ठाऊक नाय. मी विचारलं नाय. हितनं रोज दोनशे गाड्या जातात, सगळ्यांची चौकशी करत बसू? आनि तुमी — तुमी रविवारच्या खेळापायी माझ्यापाशी येऊन म्हनता, दोन्हीला चालंल असा कर! तुमाला पेढे, फोटो, आनि भारा घेऊन वळनावर येनाऱ्या बाईला काय?

बोला आता, काय बोलायचंय ते. आल्यापासनं चाललंय, त्यानं सांगितलंय, त्यानं सांगितलंय. कोनी सांगितलंय? पानीवाल्यानं? खोपोलीच्या? त्यानंच हितं धाडलं तुमाला — माझं नाव घेऊन? ... दिसायला कसा हाय? ... भुवईवर? कुठल्या, ह्या? ... बादली घेऊन उभा असतो तो? तिथं? रोज?

काय म्हनला? ... 'ब्रेकचं काम धर्मादादाएवढं कुनाला येत नाय.' असं म्हनला. हसून म्हनला का? ... हसून नाय. बरं. आनि? अजून काय म्हनला, सांगा ना! ... परत सांगा. हळू सांगा. ... 'काम झालं की गाडी रातभर उभी ठेवा. सकाळी त्यालाच पयला पाय दाबायला सांगा.'

...

तो लायनर ठेवा खाली. ठेवा म्हनतो ना. काम मी करीन. मऊ बसवीन, रोजचा. शर्यत हवी असंल तर दुसरी गाडी घ्या, न्हायतर दुसरा मेस्त्री बघा. गाडी आज हितंच राहू द्या, सकाळी सहाला या. मी दाबीन तुमच्यासमोर. पयला पाय.

आनि किल्ली — नको, माझ्या हातात नका देऊ, हाताला सवय हाय. खिशात घाला. घेऊन जावा बरोबर. चौकातनं यश्टी मिळंल तुमाला. जावा आता. जावा ओ!