मुठीखालचं नाव

घरातल्या जुन्या वस्तूंची किंमत काढायला जाऊ नका रे, आमी गेलो होतो.

आजोबा लढाईवरून येताना बंदुकीची संगीन घेऊन आले होते. दर दसऱ्याला ती पाटावर पूजेला असायची. यंदा भाऊ म्हणाला, "किती येतात ते तरी बघू." म्हणून कल्याणला जुन्या हत्यारांच्या एका जाणकाराकडे नेली.

त्याने मुठीचे स्क्रू काढून लाकूड उचललं. खाली लोखंडावर खिळ्याने कोरलं होतं, 'गोपाळ, आटगाव'.

जाणकार खूश. "नाव असलं की भाव वाढतो. हेच ना तुमचे आजोबा?"

"नाय," भाऊ म्हणाला, "आजोबांचं नाव तुकाराम."

ते नाव मला ठाऊक होतं. गोपाळ आजोबांच्याच गावचा, त्यांच्याबरोबरच भरती झालेला. तो परत आलाच नाय. त्याची म्हातारी आई दर दसऱ्याला आमच्याकडे सोनं द्यायला यायची. आपट्याचं एक पान त्या संगिनीवरही ठेवायची आणि विचारायची, "तुका, माझ्या गोपाळाची एखादी वस्तू तरी आणायचीस रे!"

आजोबा खाली बघून म्हणायचे, "काय सापडलंच नाय गो, मावशे."