मुदतीनंतरचे गुण

ठोंबरे : एकच आकडा बदलायचाय, सर. गोदा बुधाजी घारे, नववी, गणित. शून्याच्या जागी अठ्ठ्याहत्तर.

हेडसर : शून्याचे अठ्ठ्याहत्तर? ठोंबरे, गुणांचं पत्रक तुम्ही बावीस तारखेला दिलंत, मुदतीत. खाली सही तुमची. आणि आज निकालाच्या दिवशी सांगताय?

ठोंबरे : तेव्हा मी पेपर तपासलेच नव्हते.

हेडसर : काय?

ठोंबरे : बहिणीचं लग्न होतं, कडावला. गठ्ठा बरोबर नेला होता, पण मांडवात कुठले पेपर तपासून होतात? परत आलो तो मुदतीचा शेवटचा दिवस. मग सहामाहीचेच गुण दोनचार इकडेतिकडे करून उतरवले. म्हटलं, पोरं तीच, फरक तो काय पडणार.

हेडसर : आणि गोदा सहामाहीला गैरहजर होती.

ठोंबरे : भातकापणीला घरी ठेवली होती तिला. माझ्या ध्यानातच राहिलं नाही. जुन्या वहीत शून्य होतं, शून्य उतरलं. काल दुपारी मनाला लागलं म्हणून खरे पेपर काढून तपासले. वर्गात पहिली आहे, सर.

हेडसर : शाबास! आता नियम मी वाचू, की तुम्हीच म्हणून दाखवता? तुम्हाला पाठ असेल.

ठोंबरे : सर, कशाला...

हेडसर : "मुदतीनंतर गुण बदलायचे झाल्यास शिक्षकाने कारण लेखी द्यावे. कारण संस्थेपुढे ठेवावे व दोषी शिक्षकास कामावरून कमी करावे." हा ठराव मांडणारे तुम्हीच, ठोंबरे. गेल्या वर्षी साठे सरांनी जूनपर्यंत पेपर लोळवले, तेव्हा सभेत सगळ्यांत मोठा आवाज तुमचा होता. साठे गेले. जाताना मला भेटलेसुद्धा नाहीत.

ठोंबरे : तुम्ही नुसतं पेनानं शून्य खोडलंत तर कोण बघतंय?

हेडसर : मला पेन्शनीला दोन वर्षं राहिलीत. तुमच्या कागदाशिवाय माझा हात पत्रकाला लागणार नाही, आणि माझ्या तोंडून कुणाला काही कळणारही नाही. हा कागद, हे पेन. लिहा, या घटकेला बदलतो.

ठोंबरे : नोकरी जाईल माझी. घरात कमावणारा मी एकटा.

हेडसर : जाईल. खोटा धीर देत नाही तुम्हाला.

ठोंबरे : असं करू. आज लागू दे नापास. जूनमध्ये मी तिची फेरपरीक्षा घेतो. एका महिन्याचा तर प्रश्न आहे.

हेडसर : जूनमध्ये ती इथे असेल का? तिचा बाप सकाळपासून पायरीवर बसलाय, त्यालाच विचारू. बुधाजी, आत या!

बुधाजी : रामराम. फळ्यावर निकाल लागाया येळ हाय म्हनत्यात. आन मला वाचता बी येत नाय. आमची गोदा पास हाय का, येवढंच सांगा.

हेडसर : एवढी घाई कशाची?

बुधाजी : मला नाय घाई, खालापूरच्या पावन्यांना हाय. थोरल्या भावानं मला न इचारता शबुद दिलाय. पावनं घरी येऊन बसल्यात. नवऱ्याचं हे तिसरं लगीन. पयली हिरीत गावली. दुसरी चुलीजवळ भाजली म्हनत्यात.

ठोंबरे : आणि अशा घरात तुम्ही पोर देणार?

बुधाजी : माजं मन नाय, गुरुजी. भ्या वाटतंय मला. तिच्या आयनं दोन दिस झालं, अन्नाला हात लावला नाय. पन भावाम्होरं बोलाया तोंड पायजे ना? पास झाली तर सांगंन, शाळा पुरी हुऊ द्या, पोर मास्तरीन व्हनार हाय. नापास पोर घरात कशापायी ठेवलीस म्हनलं, तर काय सांगू?

हेडसर : ठोंबरे, कागद तुमच्यासमोर आहे.

बुधाजी : कसला कागुद?

ठोंबरे : काही नाही. शाळेचं काम.

हेडसर : पत्रकात गोदा नापास आहे, बुधाजी. पण पेपर ठोंबरे सरांनी तपासलाय. त्यांना विचारा.

बुधाजी : सांगा, गुरुजी. ती भाईर चाफ्याखाली उबी हाय. मला म्हनली, बाबा, फळ्याचं नको, सरांना इचार. गनित म्या बराबर सोडवलंय. सर नापास म्हनलं, तर मुकाट्यानं बोहल्यावर चढंन.

(ठोंबरे पेनाचं टोपण काढतात. पुन्हा लावतात.)

ठोंबरे : पत्रकात आहे... तेच बरोबर आहे.

बुधाजी : म्हंजी?

ठोंबरे : नापास.

बुधाजी : बरं. तुमी तपासलाय म्हंजी चूक नसंल. गोदा, चल गं. सरांनीच सांगितलं.