हात आत्याचा, उत्तरं माझी

...आणि मला सांगा, हात आत्याचा, दुखतो आत्याला, झिणझिण्या येतात म्हणून पहाटे उठून हात झटकत बसते आत्या, आणि डॉक्टर विचारतात कुणाला? मला! "काय गं, कधीपासून दुखतोय यांचा हात?" अहो, मला काय माहीत! ती समोर बसलीये की, चांगली अख्खीच्या अख्खी, इस्त्रीचे कपडे घालून, चष्मा पुसून, पर्स मांडीवर घेऊन, बोलायला एकदम तयार! पण नाही. प्रश्न मला.

बरं, मी कोण? तर वर्गात हजेरी घेताना मी 'हजर' म्हणते ते बाईंच्या टेबलापर्यंत पोचतच नाही, म्हणून अर्धं वर्ष मी वर्गात बसूनही गैरहजर आहे, ती मी. आणि माझ्याकडून यांना उत्तरं हवीत!

नाही, थांबा, तुम्हाला आधी आत्या सांगायला हवी. ही माझ्या बाबांची आत्या. बाबा आत्या म्हणतात म्हणून आई आत्या म्हणते, मी आत्या म्हणते, दूधवालासुद्धा आत्याच म्हणतो. लग्न केलं नाही. ती आमच्याकडे राहते, म्हणजे तिच्या मते आम्ही तिच्याकडे राहतो. वय अडुसष्ट. शाळेचे गणवेश शिवायचं एक दुकान आहे, तिथे ती कापड बेतते. मोठ्या टेबलापाशी उभी राहून, खडूने आखून, हातभर लांब कात्रीने खर्रर्र करून कातरते. कापड बेतणाऱ्याला तिथे मास्तर म्हणतात, म्हणून हीसुद्धा मास्तर. "मास्तर आल्या." "मास्तर चिडल्या." आमच्या शाळेतला प्रत्येक मुलगा आत्याने कातरलेल्या पँटमध्ये फिरतो, पण हे मी शाळेत कुणाला सांगितलेलं नाही. कारण मी शाळेत कुणाला काहीच सांगितलेलं नाही.

तर गेल्या महिन्यात तिच्या हातातून कात्री निसटली. एकदाच हो! आणि पडली कुठे, तर मालकांच्या पायापासून वीतभर अंतरावर. झालं! मालक आधी पाय वर घेऊन उभे राहिले, मग गहिवरून म्हणाले, "मास्तर, खूप केलंत दुकानासाठी. आता वय झालं की असं व्हायचंच. तुम्ही असं करा, दाराशी खुर्ची टाकून बसा. गिऱ्हाईक आलं की नुसतं छान हसा."

"हसू?" आत्या म्हणाली. "इतक्या वर्षांत मी कधी हसलेय का तुमच्या दुकानात?"

मालकांनी मान डोलावली, कारण ते खरंच होतं. मग म्हणाले, "बरं, डॉक्टरांना दाखवून घ्या. ते काय म्हणतात ते बघू. तोवर मी एक नवा मास्तर बघून ठेवलाय."

बघून ठेवलाय! म्हणजे डॉक्टरांनीही तेच म्हटलं की टेबल गेलं, कात्री गेली, आणि आत्या दाराशी बसून हसणार. आणि हे मालक स्वतः कसे, तर चष्मा कपाळावर आणि शोधतात गल्ल्यात! दुपारचं जेवण झालं की कापडाच्या ताग्यावर डोकं टेकून असे घोरतात की शिवणयंत्रं ऐकू येत नाहीत. त्याला ते काय म्हणतात? "कामाचा ताण." त्यांचा तो ताण, आणि आत्याचं मात्र वय!

आई ऑफिसात, बाबा फिरतीवर, म्हणून सोबतीला धाडलं मला. आई म्हणाली, "तू नुसती शेजारी बस गं. बोलायचं काही नाहीये तिथे." बोलायचं काही नाहीये! आईवर माझा विश्वास होता हो...

दवाखान्यात शिरतो न शिरतो तोच काउंटरवरच्या ताई मला विचारतात, "पेशंटचं वय?"

"अडुसष्ट," आत्या म्हणाली, खणखणीत.

ताईंची नजर माझ्यावरच. पेन हवेत. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, शेवटी म्हटलं, "अ... अडुसष्ट." तेव्हा कुठे पेन खाली आलं.

"आजींना काय होतंय?"

"आजी?" आत्या म्हणाली. "आधी लग्न तरी लावून द्या माझं!"

ताई माझ्याकडे वाकून, अगदी हळू, म्हणजे आत्याला आणि मागच्या बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "जरा चिडचिड करतात का गं? वय झालं की असं व्हायचंच." मला सांगावंसं वाटलं की नाही हो ताई, ही पाळण्यात असल्यापासून अशीच आहे, घरी सगळ्यांना माहीत आहे. पण आवाज फुटेल तर ना!

मग आत. डॉक्टर माणूस तसा चांगला, हसरा, केसांना नुकताच काळा रंग लावलेला, थोडा कानालाही लागलेला. पण बोलणं कसं, तर नदीच्या पलीकडे कुणी उभं असल्यासारखं. "का-य म्ह-ण-ता-य आ-जी-ई-ई?"

"हात दुखतोय डॉक्टर," आत्या म्हणाली, "कान नाही."

डॉक्टर मला, "ऐकू नीट येतं ना यांना?"

आता यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा!

आणि मग सुरू झालं ते. डॉक्टर मला विचारणार, "झोप लागते का?" आत्या सांगणार, "लागते, पण पहाटे बोटं बधिर होऊन जाग येते." डॉक्टरांचं पेन हवेत. मी म्हणणार, "लागते, पण पहाटे बोटं बधिर होऊन..." की लगेच पेन सुरू, सरसर सरसर! आत्याच्या तोंडून निघालं की ती नुसती हवा, आणि तेच माझ्या तोंडून निघालं की एकदम औषधाच्या कागदावर! भूक लागते का, मला. पोट साफ होतं का, तेही मला! अहो, एखाद्याने कुणाच्या पोटाची किती माहिती ठेवावी?

तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला आत्याच्या सगळं लक्षात आलं. ती आपली खुर्ची फिरवून माझ्याकडे तोंड करून बसली. "डॉक्टरांना सांग, मी इथेच आहे. गेलेले नाही अजून."

"त्या... इथेच आहेत म्हणतात," मी म्हटलं.

"डॉक्टरांना विचार, माझ्याकडे बघून बोललं तर फी वाढते का?"

आता हे मी कसं विचारणार! माझे कान तापले. मी म्हटलं, "त्या... फीचं विचारतायत." डॉक्टर खो खो हसले आणि मलाच म्हणाले, "गोड आहेत हो आजी!" गोड! आत्याला आजवर कुणी गोड म्हटलं नव्हतं. तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

मग त्यांनी तिची बोटं एकदा अशी दाबली, एकदा तशी दाबली आणि मला म्हणाले, "काळजीचं काही नाही. वय झालं की असं व्हायचंच. दुखलं तर ही गोळी दे. आणि कामबिम पुरे आता, घरी आराम करू दे." आणि कागद द्यायला उठले ते कमरेवर हात ठेवून, "आई गं!" मी घाबरून बघितलं, तर म्हणाले, "काही नाही, काल बॅडमिंटन खेळताना लचकली."

बघा! मालकांचा ताण, डॉक्टरांचं बॅडमिंटन, आणि आत्याचं तेवढं वय!

मला वाटलं, आता आत्या तोफ डागणार. मी डोळे मिटून घेतले. पण काहीच नाही. उघडून बघते तर ती खाली बघत होती. मांडीवरच्या पर्सचा पट्टा दोन बोटांत धरत होती आणि तो निसटत होता. पुन्हा धरत होती... पुन्हा निसटत होता. साधा पट्टा धरता येत नव्हता. आत्याला!

तेवढ्यात कुणीतरी मोठ्यांदा म्हणालं, "मला असं झालं असतं तर?"

मी दचकून मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. ते मीच म्हणाले होते.

"तुला?" डॉक्टर हसले. "तुला कशाला होईल असलं काही! आणि झालंच असतं तर आधी नसांची तपासणी करायला पाठवलं असतं. अगं, अख्खं आयुष्य पडलंय, हात जाऊन कसं..." आणि तिथेच थांबले.

"मग तिचा गेलेला चालेल?" मी विचारलं. हेसुद्धा मीच! काय झालं होतं मला कोण जाणे.

आत्या म्हणाली, "डॉक्टरांना सांग..." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "नको, राहू दे. तुझं बरं चाललंय."

डॉक्टर बसले. कमरेमुळे जरा हळू बसले. खुर्ची आत्याकडे वळवली आणि साध्या, माणसाशी बोलतात तसल्या आवाजात म्हणाले, "दिवसभर हाताने काय काम करता हो तुम्ही?"

आता इतक्या वेळानंतर प्रश्न तिला आला, नाही का? सरळ तिला! तर तिने काय करावं? माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग गं!"

असो. तपासणी झाली. नस मनगटात दाबली गेलीये. दिवसभर कात्री चालवणाऱ्याला तिशीतही होतं, असं डॉक्टरांनी स्वतः सांगितलं, आणि चक्क म्हणाले, "हे मी आधीच बघायला हवं होतं." रात्री मनगटाला पट्टी, थोडे व्यायाम, आणि नाहीच उतरलं तर छोटंसं ऑपरेशन. तो कागद घेऊन आम्ही दुकानात गेलो. मालकांनी कपाळावरचा चष्मा शोधला, मी बोट दाखवलं, त्यांनी वाचलं, आणि मला विचारलं, "मग? मास्तर काम करणार म्हणतात का?"

"समोर उभ्या आहेत," मी म्हटलं. "त्यांनाच विचारा."

चारही यंत्रं थांबली. मालकांनी मान वळवली. "मास्तर...?"

"महिनाभर आखून मी देईन, जाड कापड नवा कातरेल," आत्या म्हणाली. "टेबल माझंच. आणि दाराशी ती खुर्ची टाकाच. दुपारी तुम्ही बसा तिथे. झोपेत छान हसता."

आणि तुम्हाला सांगते, ती हसली! दुकानात! शिवणाऱ्या चौघी घाबरल्याच.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण परवा माझी मान अवघडली. दप्तर बघा माझं, विटा भरल्यात की काय असं वाटतं! तर आत्या मला घेऊन गेली, त्याच डॉक्टरांकडे. डॉक्टर लगबगीने उठून उभे राहिले, "या, या मास्तर!" आणि माझ्याकडे न बघताच तिला विचारतात, "काय होतंय हिला? मोबाइलमध्ये डोकं घालून बसते ना? या वयात असं व्हायचंच."

मला मोबाइलच नाहीये! मी तोंड उघडलं, तर पेन हवेत आणि डॉक्टरांचं लक्ष आत्याकडे. मी आत्याकडे बघितलं. तीही माझ्याकडेच बघत होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं. तिने सावकाश चष्मा पुसला आणि विचारलं, "डॉक्टर, मला असं झालं असतं तर?"

"तुम्हाला?" डॉक्टर गडबडून म्हणाले. "छे छे, तुम्हाला ताबडतोब तपासणीला पाठवलं असतं!"

आता काय करणार... गोळी घेते आणि अडुसष्टची व्हायची वाट बघते.