दोन पॉइंट शून्य चार नऊ सहा

…आणि वर आम्हालाच सांगतात, कॉम्प्युटर चुकत नाही म्हणून! अहो नाही चुकत, पण त्याला विचारतंय कोण? तुम्हाला सांगतो, सत्याऐंशी साल, ठाण्यातलं कॉलेज, आम्ही एम.एस्सी. फिजिक्सचे तीस जण आणि कॉम्प्युटर एक. देवळात जाताना काढतात तशा चपला बाहेर काढायच्या, आठवड्याला दहा मिनिटं प्रत्येकाला, त्यातली चार तो चालू व्हायलाच घ्यायचा… आणि दारात सर. त्यांचं एकच, "प्रोग्राम वाटेल तो लिहा, जर्नलमधला आकडा जुळला पाहिजे."

कुठला आकडा? तर न्यूटन-रॅफसनने एक समीकरण सोडवायचं, म्हणजे आधी अंदाजाने काहीतरी धरायचं आणि ते सुधारत सुधारत खऱ्या उत्तरापाशी जायचं. सरांची सही असलेल्या जुन्या जर्नलात उत्तर होतं २.०४९६. आम्ही एकोणतीस जणांनी काय केलं, मशीनला काय ते गणित करू दिलं आणि शेवटच्या ओळीत सरळ तो आकडाच छापायला सांगितला. दरवर्षी सगळे हेच करत आलेले. कुणाचं काही बिघडलं?

बिघडलं ते नाथाचं. कोलशेतच्या कोळीवाड्यातला, माझ्या शेजारी बसायचा. त्याची आई, आवडाबाई, मासळी विकताना गिऱ्हाइकाला ऐकवायची, "माजा नाथा कालेजान मास्तर व्हनार हाय." आणि सर त्याला दारात अडवायचे, "पाय धुऊन ये रे, मशीनला मासळीचा वास चालत नाही." आम्ही हसायचो. मी पण हसायचो, खोटं कशाला बोलू?

तर ह्या नाथाने खरंच गणित केलं. आलं २.०९४६. म्हणाला, "सर, उतरवताना कुणीतरी चार आणि नऊची अदलाबदल केलीय. किंमत घालून बघा, ह्या आकड्याने शून्य येत नाही."

"येईल," सर म्हणाले, "तुझ्या मार्कांत येईल."

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, तीस कागद चाळले, म्हणाले, "एकोणतीस चुकले आणि हा एकटा बरोबर?" आणि विचारलं कुणाला? मला… शेजारी होतो ना. "तुझं काय आलं?" आता मी घरी हाताने करून बघितलेलं, नाथाचंच बरोबर होतं. नाथा माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "२.०४९६, सर. आकडा जुळतोय."

मला फर्स्ट क्लास. नाथा नापास.

पुढच्या वर्षी त्याने निमूट तोच आकडा छापला, पास झाला आणि त्याच कॉलेजात शिकवायला लागला. मला बरं वाटलं, म्हटलं, सुटलो एकदाचा. अकरा वर्षं बरं वाटलं! परवा माझी पुतणी जनी, आता त्याच कॉलेजात आहे, रडत आली. तिचं उत्तर २.०९४६, त्यावर लाल फुली, शेरा 'आकडा जुळत नाही', खाली सही नाथाची.

तसाच कोलशेतला गेलो. म्हटलं, "नाथा, अरे तू तरी…"

शांतपणे माझ्यापुढे चहा ठेवला त्याने. "मी लगेच फुली नाही मारली रे. आधी तिच्या शेजारच्याला विचारलं."

चहा घेतला आणि आलो.