फीत राहिली

...आणि बाकी सगळं सोडा, ते विमान उडालंच कसं, एवढं कुणीतरी मला सांगा. पैसा पाण्यासारखा ओतलाय, ढग काय, स्फोट काय, हिरोनं हेल्मेट काढलं तरी भांग मोडत नाही, आणि हा गडी आभाळात शत्रूच्या विमानाला विमान लावून दम भरतो, ‘हिंमत असेल तर बाहेर ये’... बाहेर कुठं येणार तो? बरं, येऊ दे. पण विमान उडालंच कसं?

तुम्हाला सांगतो, माझा दादा लढाऊ विमानांवर मेकॅनिक होता. विमान जमिनीवर असताना बॉम्ब चुकून सुटू नये, चाक मिटू नये, म्हणून जागोजाग खिळ्या खोचलेल्या असतात. प्रत्येकीला हातभर लाल फीत. दादा त्या सगळ्या काढणार, मुठीत धरून पायलटला वर दाखवणार, पायलट अंगठा दाखवणार, मगच विमान हलणार. म्हणून तर आमच्या दादासाहेबांना सुट्टी नसायची. बाबा आजारी पडले, ‘मी नसलो तर विमान उडत नाही, आई.’ माझं लग्न, ‘मी नसलो तर विमान उडत नाही.’ आणि आई शेजारणींना असं सांगायची की जणू विमान हाच खालून ढकलतो.

मागच्या महिन्यात गेला. लढाईत नाही हो... विमान ओढायचा ट्रॅक्टर मागे येत होता, हा चाकाशी वाकलेला. झालं.

मग हा सिनेमा लागला. आई म्हणाली, “त्याचं काम मला एकदा बघायचंय.” नेलं. पदर सावरून बसली, परीक्षेला बसल्यासारखी. पहिलं विमान दिसलं, “आता येईल का रे?” म्हटलं, येईल. दुसरं दिसलं, “आता?” म्हटलं, गाणं तर संपू दे. तेवढ्यात हिरोनं बायकोचा फोटो खिशात कोंबला, धावत आला, उडी मारून आत बसला आणि निघाला की. जवळ चिटपाखरू नाही. आणि पंखाखाली, बॉम्बला, लाल फीत... ढगात फडफडतेय.

आई ताडकन उभी. “अरे थांबवा त्याला, फीत राहिली!”

मागचा म्हणतो, “मावशी, बसा खाली, सिनेमा आहे.” मी त्याच्या अंगावरच जात होतो, माझं डोकं हे असं, आईनंच शर्टाला धरून ओढलं. तोवर हिरोनं तेच बॉम्ब टाकले, सगळे बरोब्बर लागले, आणि हा हसत खाली उतरला. टाळ्या.

बाहेर जिन्यात आई थांबली. “म्हणजे त्याच्याशिवायही उडतं का रे?”

आता काय सांगता? शाळा मी अर्ध्यात सोडली, पण ह्याला हो म्हणायचं नसतं एवढं मलाही कळतं. तोंडाला आलं ते बोललो. “दादासारख्याचा मोठा भाग होता गं. सिनेमा लांबला म्हणून आज कापला.”

“आजच्यापुरता?”

“आजच्यापुरता.”

तेव्हापासून आम्ही रोज येतोय. दारावर तिकिटं फाडणारा विचारतो, “एवढा आवडला का हो?” आई त्याला सांगते, “माझ्या पोराचं काम यायचंय अजून.” आणि आत ते विमान... रोज उडतं.