गढूळ झालं की

औषधांच्या खिडकीपुढची रांग काही हलेना. माझ्या पुढे एक म्हातारे वडील आणि त्यांची प्रयोगशाळेत काम करणारी लेक.

“दिवसभर करतेस तरी काय तिथे?”

“औषध पाण्यात विरघळवते, बाबा. त्यात कधी मीठ घालते, कधी साखर, आणि नळी तापवत बसते.”

“म्हणजे स्वयंपाकच की!”

“तसंच समजा. तापता तापता ते नितळ पाणी एकदम गढूळ होतं. काय घातलं की ते लवकर होतं, कशाने उशिरा, ते बघायचं.”

“पण गढूळ का व्हावं?”

“औषधाच्या कणांचं एक टोक पाण्यात रमतं, दुसऱ्याला पाणी नको असतं. मग ते घोळका करतात आणि नकोसं टोक आत लपवतात.”

“हुशार आहेत.”

“तुमच्यासारखेच.”

“मी कुठून आलो मधेच? औषध कशावरचं आहे?”

“मन उदास राहतं, त्यावरचं. तुम्ही ब्लड प्रेशरच्या गोळ्यांच्या डबीत लपवता ना, तेच.”

“कधी बघितलंस?”

“आई गेली त्या वर्षी. मला संशोधनाचा विषय निवडायचा होता तेव्हा.”

“आणि बोलली नाहीस?”

“तुम्ही तरी कुठे बोललात?”

“हं. गढूळ झालं की ओतून देतेस?”

“छे! बाजूला काढून ठेवते. निवलं की आपोआप नितळ होतं.”

“दर वेळी?”

“दर वेळी, बाबा.”

“चल, आपला नंबर आला. औषधाचं नाव तूच सांग त्याला. मोठ्याने सांगितलंस तरी चालेल.”