हक्काचं गिऱ्हाईक

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. द्वारकेच्या स्टॉपवर माझ्या शेजारी दोन कासारणी बसल्या होत्या. म्हातारी आपली गिऱ्हाइकं भाचीच्या हवाली करत होती.

“गिऱ्हाईक डोक्यात ठेवायचं, विमल. कुणाचं माप काय, कुणाला कुठला रंग आवडतो, कुणाच्या घरी लग्न निघालंय.”

“एवढं ध्यानात राहतं, मावशी?”

“राहतं की. आता पंचवटीतली ती कारकुनाची बायको. माप सव्वादोन, रंग हिरवा. लय हक्काचं गिऱ्हाईक. दर आठवड्याला बांगड्या भरते.”

“दर आठवड्याला? हौशी दिसते.”

“हौस कसली! उजव्या हातातल्या टिकतच नाय तिच्या.”

“फुटतात?”

“फुटतात म्हणू नये गं. वाढतात म्हणावं.”

“आणि उजव्याच हातातल्या? मावशी, नवरा हात पिरगाळतो का तिचा?”

“हळू बोल. मनगट सुजलेलं असलं की अडीचची भरायची. सव्वादोनची चढत नाय.”

“अगं बाई! आणि तू काहीच विचारलं नाय?”

“एकीला विचारलं होतं. तिनं पुन्हा दार उघडलं नाय. सवाष्णीला मोकळ्या हातानं राहता येतं का? दुसरीकडून भरत असेल. आपण आशीर्वादाची एक बांगडी वर देतो ना, हिला मी दोन देते. मग गिऱ्हाईक तुटत नाय.”

“मला नको ते घर.”

“येडी हायेस. सगळ्यात चांगलं घर तेच. सोमवारी सकाळी जात जा.”

“सोमवारीच का?”

“रविवारी नवरा घरी असतो.”